स्मरणशक्तीचा भाव : एक हजार रुपये

डॉक्टर व्हायचं म्हणजे पाठांतर आलंच. अंगात हाडं २०६, ती नावानिशी पाठ. त्यांच्यावरचे स्नायू पाठ, स्नायूंमधून जाणाऱ्या नसा पाठ, नसांना फुटणारे फाटे पाठ. एमबीबीएसची साडेपाच वर्षं अशी काढली की पुढच्या पदवीसाठी पुन्हा श्रीगणेशा. अशा माणसाची स्मरणशक्ती तुमच्याआमच्यासारखी असणं शक्यच नाही. पण दवाखाना थाटून खुर्चीत बसलं की तिला कोणाची दृष्ट लागते कोण जाणे! आम्लपित्तावरच्या एका साध्या गोळीचं नाव म्हणून आठवत नाही. ते आठवावं म्हणून भिंतीवर त्या नावाचं कॅलेंडर लागतं, टेबलावर त्या नावाचा पेनस्टँड लागतो, आणि ज्या पेनाने ते नाव चिठ्ठीवर उतरायचं त्या पेनावरही तेच नाव छापलेलं लागतं. म्हणजे डॉक्टरांनी नुसतं पेनावरचं कागदावर उतरवून काढायचं.

देशाच्या वैद्यकीय बुद्धीला जडलेला हा विस्मरणाचा आजार सरकारच्या नजरेतून सुटलेला नाही. केंद्राच्या औषध विभागाने १२ मार्च २०२४ रोजी औषध कंपन्यांच्या विक्रीतंत्रासाठी नवी आचारसंहिता काढली. तीत डॉक्टरांना भेटवस्तू देऊ नयेत, सहली घडवू नयेत, हॉटेलची बिलं भरू नयेत असं सगळं आहे. पण ‘ब्रँड रिमाइंडर’ द्यायला हरकत नाही. पुस्तक, डायरी, कॅलेंडर, नियतकालिक अशी ज्ञान वाढवणारी वस्तू चालेल, फक्त नगाला किंमत एक हजार रुपयांच्या वर जाता कामा नये. म्हणजे डॉक्टरला आठवण करून देण्याचा सरकारमान्य दर आता ठरला आहे. कांद्याला हमीभाव मागून मागून नाशिकचा शेतकरी थकला. स्मरणशक्तीला मात्र कमाल भाव न मागता मिळाला.

पूर्वी हा दर फार चढा होता. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ च्या डिसेंबरात नियम दुरुस्त करून डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी घ्यायला मनाई केली. कंपन्यांनी नियम बारकाईने वाचला. मनाई घेणाऱ्याला होती. देणाऱ्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. मग देणं चालू राहिलं, आणि वर तो धंद्याचा खर्च म्हणून आयकरातून वजावटही मागितली गेली. अशी ४ कोटी ७२ लाखांची वजावट मागणारी चेन्नईची एपेक्स लॅबोरेटरीज थेट सर्वोच्च न्यायालयात पोचली. विषय होता झिंकोविट नावाच्या, जस्त आणि जीवनसत्त्वांच्या गोळीचा. तो निकाल २२ फेब्रुवारी २०२२ चा, न्यायमूर्ती उदय लळित आणि रवींद्र भट यांच्या पीठाचा. त्यात अशा भेटींची यादी आहे : परिषदांचं शुल्क, सोन्याची नाणी, लॅपटॉप, फ्रिज, एलसीडी टीव्ही, परदेशवाऱ्या. जस्ताची आठवण राहावी म्हणून सोनं! न्यायालयाने वजावट नाकारली आणि या भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत मिसळला जातो, हेही सांगितलं. म्हणजे डॉक्टरांच्या घरचा फ्रिज चालतो आपल्या गोळ्यांवर, आणि आपण मात्र वीजबिल वाढलं म्हणून महावितरणच्या नावाने बोटं मोडत बसतो.

नवी संहिता आल्यावर तरी हे थांबलं असेल असं कोणाला वाटेल. पण २०२४ च्याच डिसेंबरात औषध विभागाच्या समितीने ॲबव्ही हेल्थकेअर इंडिया या कंपनीला दोषी धरलं. तिने तीस डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेलं होतं, खर्च १ कोटी ९१ लाख. ही मंडळी सौंदर्योपचारातली, म्हणजे सुरकुत्या घालवणारी. भारतीय सुरकुत्यांचा अभ्यास मोनॅकोतच नीट होतो, हे आपल्याला कुठून कळणार? शिक्षा काय झाली? कंपनीला समज देण्यात आली. डॉक्टरांवर काय कारवाई करायची ते राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बघावं आणि कराचं काय ते आयकर खात्याने, असंही सांगण्यात आलं. शाळेत आमचे गुरुजी गृहपाठ न करणाऱ्याला ‘पुन्हा असं करू नकोस’ एवढं सांगण्याआधी निदान बाकावर तरी उभं करत.

यात आणखी एक सोय आहे. ही संहिता म्हणजे कायदा नव्हे. तक्रार आली तर पहिली चौकशी कंपन्यांच्याच संघटनेची नीतिसमिती करणार. अगदीच वाईट झालं तर संघटनेतून नाव कमी होईल. मुलीकडच्यांनी मानपानाचा हिशेब मुलाच्या मामाकडे तपासायला द्यावा, तशातला हा प्रकार.

संहितेतली काही कलमं मात्र वाचावीत अशी आहेत. भारतात वर्षाहून अधिक काळ मिळणाऱ्या औषधाला ‘नवीन’ म्हणायचं नाही. पुढची मागची अट न सांगता ‘सुरक्षित’ म्हणायचं नाही. ‘दुष्परिणाम अजिबात नाहीत’ असं ठोकून द्यायचं नाही. डॉक्टरांची भेट मिळावी म्हणून प्रतिनिधीने कोणत्याही मिषाने पैसे द्यायचे नाहीत. हे सगळं लिहून काढावं लागलं यावरूनच कळतं की आजवर काय चालत होतं. फुकट नमुन्यांचंही मोजमाप आहे : एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला फार तर बारा पाकिटं, आणि एक पाकीट फार तर तीन रुग्णांच्या उपचारांपुरतं. पूर्वी नमुन्यांनी कपाट भरायचं आणि मेहुण्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची डोकेदुखी त्यातच भागायची. त्या कपाटाची मला खरोखर हळहळ वाटते. या साऱ्या व्यवहारात गरिबाच्या हातात फुकट पडणारी तेवढी एकच गोष्ट होती.

एमआरची, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीची, टिंगल करावीशी मला वाटत नाही. भर उन्हाळ्यात टाय लावून, खांद्याला बॅग अडकवून, शेवटचा पेशंट जाईपर्यंत तो बाकावर बसून असतो. आत ‘दोनच मिनिटं, सर’ म्हणत टॅबवरच्या चकचकीत चित्रांवरून बोट फिरवतो आणि महिनाअखेर एरिया मॅनेजरच्या शिव्या खातो. विज्ञानाचा पदवीधर असतो बिचारा. टार्गेटचं प्रेशर त्याला आहे, म्हणून डॉक्टरला आहे, आणि डॉक्टरला आहे म्हणून आपल्याला आहे. आपण मात्र त्याला ‘बीपी’ म्हणतो.

आता या धंद्यातला मला सर्वांत आवडणारा प्रकार सांगतो : मोफत तपासणी शिबिर. दवाखान्याच्या दाराशी फलक लागतो, ‘हाडांची मोफत तपासणी, रविवारी सकाळी ९ ते १२’. फलकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एका कॅल्शियमच्या गोळीचं नाव. कंपनीचा माणूस बॅगेत मावणारं यंत्र घेऊन येतो. वहिनी, काकू, आजी रांगेत. चप्पल काढायची, टाचेला थंडगार जेली लावून घ्यायची आणि पाऊल यंत्राच्या खाचेत ठेवायचं. मिनिटाभरात ध्वनिलहरी टाचेतून आरपार जातात आणि खर्रकन चिठ्ठी बाहेर येते. तिच्यावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे आणि त्यांतल्या एकावर ठिपका. हिरव्यावर ठिपका आलेली आजी मी अजून पाहिलेली नाही.

कारण सोपं आहे. त्या ठिपक्यामागचा आकडा काढताना तुमच्या हाडांची तुलना तुमच्या वयाच्या बाईशी होत नाही, होते ती धडधाकट तरुणीशी. उणे एकपर्यंत ठीक, त्याखाली उणे अडीचपर्यंत ‘ऑस्टिओपेनिया’, त्याहून खाली गेलं की ‘ऑस्टिओपोरोसिस’. आयुष्यभर सुनेच्या कामाला नावं ठेवणाऱ्या सासूबाईंच्या टाचेला यंत्र सुनेच्या वयाची पट्टी लावतं आणि नापास करतं! जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ही मोजपट्टी आखली ती मुळात खुबा आणि मणक्याची घनता क्ष-किरणांनी मोजणाऱ्या मोठ्या तपासणीसाठी. टाचेवरच्या ध्वनिलहरींना ती जशीच्या तशी लागू पडत नाही. पण रविवारी सकाळी हे कोण कोणाला सांगणार? काकू पिवळ्यात आल्या. पिवळ्यात म्हणजे ‘थोडी झीज आहे’. ‘थोडी झीज आहे’ म्हणजे रोज एक गोळी आणि आठवड्यातून एकदा साठ हजार युनिट ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी, दुधातून. घरी येईपर्यंत काकूंचे गुडघे दुखायला लागलेले असतात. सकाळी जाताना त्या जिना चढूनच गेल्या होत्या.

उतारवयात खुब्याचं हाड मोडणं ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे आणि ज्या बाईला खरंच औषध हवं तिला ते मिळायलाच हवं. पण ती बाई कोण, हे गोळी विकणाऱ्याच्या यंत्राने ठरवायचं?

ती गोळी घरी आणल्यावर स्ट्रिप उलटून बघा. पाठीवर औषधनिर्मितीच्या परवान्याऐवजी एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक दिसला तर सरकारदरबारी ते औषध नव्हेच, अन्न आहे. डॉक्टरने लिहिलं, मेडिकलमध्ये मिळालं, जेवणानंतर पाण्याबरोबर गिळलं, तरी अन्नच. अन्न असल्यामुळे औषधांच्या किमतींवरची सरकारी मर्यादा त्याला लागू नाही. या हिशेबाने वरणभात जरा महागच पडतो.

मेडिकलचा विषय निघालाच आहे तर चिठ्ठीचा प्रवासही बघू. काही चिठ्ठ्या गावभर फिरतात आणि शेवटी दवाखान्याच्या खालच्या दुकानातच ‘आहे’ हा शब्द ऐकू येतो. दुसरीकडे विचारलं तर काउंटरमागचा मुलगा चिठ्ठी उजेडाला धरून म्हणतो, ‘‘काका, हे तिकडेच मिळेल.’’ ‘तिकडेच’ हा शब्द तो एवढ्या समजूतदारपणे उच्चारतो की पुढे विचारायची सोय उरत नाही. ती तिकडची स्ट्रिप आणि इकडची स्ट्रिप शेजारी ठेवून पाठीमागचा पत्ता वाचला, तर दोन्हीकडे हिमाचलातलं बद्दी निघण्याचा संभव बराच आहे. तिथले कारखाने कित्येक कंपन्यांच्या नावाने गोळ्या बनवून देतात. औषध तेच, नाव वेगळं, किंमत फारच वेगळी.

आणि आपली, रुग्णांची स्मरणशक्ती? तिच्यासाठी कोणी कॅलेंडर देत नाही. वीस वर्षं रक्तदाबाची गोळी घेणारे माझे एक स्नेही तिला ‘ती पांढरी, मधे रेघ असलेली’ म्हणतात. साखरेची ‘ती मोठी, घशात अडकणारी’. यात त्यांचा दोष नाही. नाव आपल्याला कळावं, अशी या व्यवहारात कोणाचीच गरज नाही. डॉक्टरला ब्रँड आठवावा आणि रुग्णाला औषध माहीत नसावं, एवढ्या दोन टोकांवर सगळा डोलारा उभा आहे.

सगळेच डॉक्टर असे नाहीत, हे मला माहीत आहे. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेशी संबंधित डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून पुस्तक केलं. त्यात आपल्या व्यवसायातली ही लागण डॉक्टरांनीच उघड केली आहे. एमआरला दारातूनच नमस्कार करणारे डॉक्टर तुमच्याही गावात असतील. त्यांच्या टेबलावर पेनस्टँड साधा असतो आणि बाहेर गर्दी कमी असते. ‘एवढीशीच औषधं देतात’ म्हणून आपणच त्यांना सोडून गेलेलो असतो.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने एकदा सगळ्यांनाच एका दमात शहाणं करायचं ठरवलं होतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नावच लिहायचं, कंपन्यांच्या पैशांवरच्या परिषदांना जायचं नाही, असे नियम २ ऑगस्ट २०२३ रोजी निघाले. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या. आपल्याकडे जेनेरिक औषधांच्या दर्जाची खात्री कोण देणार, हा त्यांचा सवाल खोटा नव्हता. पण तो सोडवण्याऐवजी नियमच स्थगित झाले, २३ ऑगस्टला. म्हणजे एकवीस दिवस. प्रतिजैविकांचा एखादा लांबलचक कोर्स याहून जास्त चालतो.

तेव्हा वरून काही होईल म्हणून बसू नका. तुमच्या हातात एक गोष्ट आहे आणि तिला हजार रुपयेही लागत नाहीत. २०१८ सालच्या नियमानुसार औषधाचं मूळ नाव स्ट्रिपवर ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, निदान दोन आकार मोठं, छापावं लागतं. तीनपेक्षा कमी घटकांच्या बहुतेक गोळ्यांवर ते असतं. चार गोळ्या कापून घेतल्या की ते नाव हमखास दुकानदाराकडच्या तुकड्यावर राहतं. म्हणून शक्य असेल तर पूर्ण स्ट्रिप घ्या, चष्मा लावा, ते नाव वहीत उतरवा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसल्यावर एवढंच विचारा : ‘‘डॉक्टरसाहेब, हेच औषध दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर चालेल का?’’