संस्कारांची सूट

खुनासाठी जन्मठेप भोगणाऱ्याला कधी सोडावे, याचा लोक उगाच बाऊ करतात. कायदा म्हणतो, अशा कैद्याला 14 वर्षांच्या आत सोडू नका. 14 झाली की सोडाच, असे तो कुठेही म्हणत नाही. मग ठरवायचे सरकारने. पण सरकारला विचार करण्याचे कष्ट कशाला द्या? त्यासाठी तुरुंग सल्लागार समिती असते.

गोध्र्याच्या समितीचेच बघा. समोर बिल्किस बानो प्रकरणातले 11 जन्मठेपवाले. गुन्हा 2002 चा, सामूहिक बलात्कार आणि खुनांचा. मारल्या गेलेल्यांत बिल्किसची तीन वर्षांची मुलगीही होती. खटला चालला मुंबईत. माफीला तिथल्या विशेष न्यायाधीशांनी नकार कळवला, सीबीआयनेही कळवला. ही मंडळी कोती; गुन्ह्यापलीकडे त्यांना काही दिसतच नाही. समितीवरच्या आमदारसाहेबांची नजर मात्र पारखी. कैदी ब्राह्मण आहेत आणि ब्राह्मणांचे संस्कार चांगले असतात, असे त्यांनी पुढे कॅमेऱ्यासमोर सांगितले. गुजरातचे 2014 चे माफीचे धोरण आड येत होते, म्हणून 1992 चे हुडकून काढले. केंद्रीय गृहखात्यानेही हरकत घेतली नाही.

15 ऑगस्ट 2022 रोजी सकाळी लाल किल्ल्यावरून नारीसन्मानाचे आवाहन झाले. त्याच दिवशी गोध्र्यात 11 जण बाहेर आले. हार पडले, मिठाई वाटली गेली.

8 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने रंगाचा बेरंग केला. शिक्षा ज्या राज्यात झाली, माफीचा अधिकार त्याच राज्याचा. म्हणजे महाराष्ट्राचा, गुजरातचा नव्हेच. दोन आठवड्यांत तुरुंगात परत या, असा हुकूम सुटला. लगेच मुदतवाढीचे अर्ज आले. कुणाचे पीक कापणीला आलेले, कुणाच्या मुलाचे लग्न, कुणाचा गुडघा दुखरा. जन्मठेपेनेही शेतीचा हंगाम आणि लग्नाचा मुहूर्त बघूनच यावे, ही अपेक्षा काही फार नव्हती. न्यायालयाने अर्ज फेटाळले आणि 21 जानेवारीच्या रात्री सगळे आत गेले.

थट्टा पुरे. माणूस 14 वर्षांत सुधारू शकतो, म्हणून माफीची तरतूद हवीच. पण सुधारणा तपासावी ती वागणुकीवरून. जात पाहून नव्हे. निकाल देणाऱ्या न्यायाधीशांचे मत फायलीत पुरू नये. आणि जिच्यावर बेतले तिला आधी विचारावे. एवढा मोठा निर्णय घेताना आपल्या सुरक्षिततेची कुणी चौकशीसुद्धा केली नाही, असे बिल्किसने ऑगस्ट 2022 मध्येच निवेदन काढून सांगितले होते.