बाजारकाका आणि नवं व्हर्जन

सकाळी सव्वानऊला फोन केला तर ‘हं, साडेतीननंतर’ एवढंच बोलून जे ठेवून देतात, ते बाजारकाका. ठाण्यापासून सदाशिव पेठेपर्यंत दर सोसायटीत एक असतातच. बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त. पीएफमधला थोडा भाग ‘अभ्यासासाठी’ बाजारात. खरेदी पाच शेअरची, चर्चा अमेरिकेतल्या व्याजदराची.

हल्ली मात्र अमेरिकेला त्यांनी सोडून दिलंय. मोबाइलवरचं ट्रेडिंग अ‍ॅप रातोरात परस्पर अपडेट झालं, तेव्हापासून काका पेटलेत. पूर्वी उघडलं की नाव, भाव, नफा-तोटा सगळं एका ओळीत. आता आधी ‘हाय’, मग कुठल्याशा फंडाची जाहिरात, मग कर्ज हवंय का ही चौकशी. आपले शेअर? ते वरच्या कोपऱ्यातल्या गोल चकतीच्या पोटात. “माझ्याच घरात मला माजघर सापडेना!” काका कडाडतात.

मुळात आत शिरणंच कठीण. उभा जन्म नोटा मोजून अंगठा इतका गुळगुळीत झालाय, की फोन ओळखच देत नाही. काका सवयीने अंगठा जिभेला लावतात. मग तर फोन साफ नकार देतो. आत गेल्यावर खरेदीचं बटण दाबायचं नाही, सरकवायचं. अर्ध्यावर ते मागे पळतं. आणि एकदाचा सौदा झालाच तर पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस. “पाच शेअर घेतलेत, वरात नाही काढली!”

चालू भावाच्या दहा पैसे खाली लिमिट लावायची, हा काकांचा जुना बाणा. त्यामुळे चांगले शेअर आजवर दहा पैशांनी हुकत आले. आता ते अपडेटमुळे हुकतात.

तक्रार केली. उत्तर आलं, अ‍ॅप काढून पुन्हा टाका. शेअर फोनमध्ये नसतात, डिपॉझिटरीत असतात, हे काका सगळ्या सोसायटीला समजावत आले आहेत. तरी अ‍ॅप काढण्याआधी त्यांनी सगळी यादी बँकेच्या डायरीत उतरवली, खाली तारीख घालून सही केली, आणि साक्षीदार म्हणून काकूंची घेतली.

आता खरं सांगायचं तर जुन्या व्हर्जनलाही ते रोज शिव्याच द्यायचे. १९९५ साली मुंबई शेअर बाजारातला आरडाओरडा थांबून ‘बोल्ट’चे पडदे आले, तेव्हा त्यांनी बाजार संपल्याचं जाहीर केलं होतं, डीमॅट आलं तेव्हा पुन्हा एकदा. सही जुळत नाही म्हणून परत येणाऱ्या ट्रान्सफर फॉर्मांबद्दलही ते हल्ली मायेनं बोलतात. पुढचं व्हर्जन आलं की आजचं हे सोन्यासारखं ठरणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. दहा पैसे खालीच, पण लावीन.

मधे त्यांचा एक शेअर चांगला चढला. त्या दिवशी अपडेटचा विषय निघाला नाही. तो अभ्यास होता. दुसऱ्या दिवशी पडला, तेव्हा काकूंनी नुसतं पाहिलं. “विकायलाच गेलो होतो,” काका म्हणाले, “सरकेना!”

परवा नातवाने सेटिंग्जमध्ये खोल कुठेतरी ‘जुन्या रूपात परत जा’ असं लिहिलेलं शोधून दाखवलं. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “बाजार जरा सावरला की बघू.”