ब्लॅकबर्नचे पुणेकर

कोयनानगरात राहून इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबची काळजी वाहणं हा बिनपगारी उद्योग आहे. त्यातून तो क्लब मँचेस्टर युनायटेड किंवा लिव्हरपूल असता, तर लोकांनी समजून घेतलं असतं. त्यांचे टी-शर्ट कऱ्हाडच्या फुटपाथवरसुद्धा मिळतात. पण मी धरला ब्लॅकबर्न रोव्हर्स. कारण सरळ आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज या कोंबड्या-अंड्यांच्या कंपनीनं हा क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. आपल्याकडच्या कुणी परदेशात काही विकत घेतलं, की आपली छाती आधी फुगते. घेतलं काय, हे आपण नंतर बघतो.

स्टँडवरच्या चहावाल्याला मी ही बातमी सांगितली, तेव्हा त्यानं गाळणी तशीच भांड्यावर धरून विचारलं, “म्हंजे कोंबडीवाल्यांनी आता बॉल घेतला म्हणा की सायेब?” क्लबच्या पुढच्या कारभाराचं इतकं नेमकं वर्णन नंतर कुठल्या इंग्रजी पेपरातही वाचल्याचं आठवत नाही.

मग हा क्लब आहे तरी काय, ते वाचायला बसलो आणि अडकलोच. रोव्हर्सचा जन्म १८७५ चा. जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन या दोघांनी पुढाकार घेऊन सेंट लेजर हॉटेलात बैठक बोलावली आणि क्लब काढला. सगळी शिकलेली, खात्यापित्या घरची मंडळी. मैदान मात्र मिळालं ते गुरांच्या कुरणातलं, आणि त्याच्या ऐन मध्यात पाण्याचं डबकं! या पठ्ठ्यांनी डबक्यावर फळ्या टाकल्या, वरून हिरवळ अंथरली आणि खेळायला लागले. इथं जून ते सप्टेंबर आमचं प्रत्येक मैदान डबक्यात असतं, आणि आम्ही चार महिने भजी खात बसतो. ब्लॅकबर्नकरांनी त्यावर क्लब काढला.

पैसे घेऊन फुटबॉल खेळणं त्या काळी नियमाबाहेर होतं. सभ्य माणसानं हौसेनं खेळावं, पैशाचं नाव काढू नये, असा दंडक. अशा दिवसांत फर्गस सुटर नावाचा एक स्कॉटिश पाथरवट शेजारच्या डार्वेन गावात आला. येऊन थोडे दिवस झाले नाहीत, तोच त्यानं छिन्नी-हातोडा ठेवून दिला. म्हणे, इंग्लंडचा दगड फार कठीण! पुढं कामधंदा काहीच दिसत नसताना गडी फुटबॉल खेळत मजेत जगत राहिला. १८८० मध्ये तो रोव्हर्सकडं आला. पैसे कुठून येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. आमच्या कोयना धरणाच्या रबल काँक्रीटसाठी सह्याद्रीचा काळा पाषाण ज्यांनी फोडला, त्यांना हे दगडाचं कारण ऐकवलं असतं, तर त्यांनी सुटरला काही खास सातारी शब्द शिकवले असते. तरी त्याच सुटरच्या रोव्हर्सनं १८८४, १८८५ आणि १८८६ अशी लागोपाठ तीन वर्षं एफए कप जिंकला. १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळायला रीतसर परवानगी मिळाली, आणि मग इंग्लंडचा दगड एकदम मऊ झाला असावा.

१८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली, त्या १२ संस्थापक क्लबांत रोव्हर्स होते. १९१२ आणि १९१४ ला लीग जिंकली. पण मला या इतिहासात खरा रस वाटला तो मागांमुळं. ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचं गाव, आणि तिथल्या मागांवर हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरं विणली जात. म्हणजे ज्या माणसांनी दर शनिवारी गिरणी सुटल्यावर रोव्हर्सच्या नावानं घसा कोरडा केला, त्यांच्या तिकिटाचे पैसे थोडेफार आपल्या पणजोबांच्या धोतरातून गेले होते. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम डार्वेनला जाऊन आले. विलायती कापडावरच्या बहिष्कारानं ज्यांची पोटं मारली, त्या गिरणी कामगारांनीच त्यांचं हसून स्वागत केलं. गिरण्या पुढं बंद पडत गेल्या. आणि शंभरेक वर्षं आपल्याला धोतर विकणाऱ्या गावाचा क्लब शेवटी आपल्याकडच्या अंड्यांच्या पैशातून खरीदला गेला. हिशेब पुरा व्हायला वेळ लागला, पण झाला.

मधे एक सुवर्णकाळ येऊन गेला. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच माणूस. पोलादाच्या धंद्यात गडगंज झाला आणि १९९१ मध्ये त्यानं लहानपणापासूनचा आपला क्लब हातात घेतला. केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, ॲलन शिअररला विकत घेतलं. १९९५ च्या मे महिन्यात शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलकडून २-१ हरले, पण तिकडं मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमशी बरोबरीच साधता आली, आणि हे प्रीमियर लीगचे विजेते ठरले. हरून नाचणारा संघ मी तरी दुसरा पाहिला नाही.

आणि मग आपण आलो. आल्यावर महिनाभरात अनुभवी मॅनेजर सॅम ॲलरडाईसला नारळ दिला. २०११ मध्ये खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये बसवून कोंबडी खातानाची जाहिरात केली. मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध घरच्या ईवूड पार्कवर हरून संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ती पाय झाडत गोलपोस्टकडं धावली. त्या संध्याकाळी रोव्हर्सपैकी गोलकडं इतक्या आत्मविश्वासानं गेलेली तीच. २०१७ मध्ये संघ आणखी एक पायरी उतरला, वर्षभरात परत चढला. पुढं तर मालकांना इंग्लंडला पैसे पाठवायची परवानगी दिल्ली उच्च न्यायालयात मागावी लागली. सेंटर फॉरवर्ड हवा असला, तर आधी तारीख घ्या!

अशा क्लबच्या पाठीशी राहायला कोयनानगरचा माणूस उत्तम. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सोसलेलं हे गाव. लहानसहान हादरा बसला, तर इथली माणसं चहाचा कप हातात तसाच ठेवून ‘तीनचा असंल’ एवढंच म्हणतात. खालच्या लीगमध्ये जाण्यानं आम्ही घराबाहेर पळत नाही.

पण ब्लॅकबर्नचे लोक का टिकून आहेत, हे मात्र मला इथल्याच माणसांकडं बघून कळलं. धरणामागच्या शिवसागराच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, ती माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्याकडं जाऊन वसली. त्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते गावदेव सांगतील तो बुडालेल्या गावचाच. क्लब म्हणजे असाच गावदेव, आणि मालक म्हणजे देवस्थानचा ट्रस्टी. ट्रस्टी चावी हलवत पुढं बसतो, पावतीपुस्तक त्याच्याकडं, पाटीवर नाव त्याचं. पण त्याच्या कारभारावर राग आला म्हणून कुणी शेजारगावचा देव धरत नाही. उलट जितका राग जास्त, तितका नमस्कार जोरात. वॉकर भला ट्रस्टी होता, म्हणून ईवूड पार्कबाहेर त्याचा पुतळा आहे. बाकीच्यांचं नाव निघतं, पण ते आरतीत नव्हे.

हे मी चहावाल्याला समजावून सांगितलं. आता तोही दर रविवारी निकाल विचारतो. परवा संघ हरल्याचं ऐकल्यावर त्यानं स्टोव्हला जोरात दोन पंप मारले आणि म्हणाला, “पर सायेब, पुण्याच्या माणसानं जरा बाकीच्यांना इचारून करावं की ओ!” ब्लॅकबर्नमध्ये लोक इतकी वर्षं फलक धरून हेच सांगताहेत. पुणेकर कुणाला विचारत नाहीत, ही तक्रार आता लँकेशायरपासून पाटण तालुक्यापर्यंत एकच झाली आहे. आणि जो पदरचा पैसा न घालता इतक्या हक्कानं कुरकुरतो, तोच क्लबचा खरा मालक.