भोकाचा केक

व्हिगन डोनट घरी करायचा, तर दूध, लोणी, अंडी आधी हद्दपार. अंड्याऐवजी एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवायची. हेच जवस चटणीत होते तेव्हा मुलं नाक मुरडत होती. शिजवलेल्या काबुली चण्यांचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसतं, हे २०१४ मध्ये एका फ्रेंच गायकाने दाखवलं आणि जग थक्क झालं. आपण डाळीच्या पाण्याची कटाची आमटी करून भुरके मारत बसलो! तळणं वर्ज्य, कारण तब्येत. मग ओव्हनमधून निघतो तो भोक पडलेला केक. पण बारसं डोनट म्हणूनच करायचं. वर ओटच्या दुधात कालवलेल्या पिठीसाखरेचा लांबीसारखा जाड लेप. साखर उसाची, म्हणजे वनस्पतीच. चालते.