व्हॅनप्रस्थाश्रम

नवीन पनवेलात निवृत्त माणूस सहसा तीनपैकी एका वाटेला लागतो: सकाळचा कट्टा, सोसायटीची कमिटी किंवा नातवंडांची स्कूलबस. अलीकडे चौथी वाट फुटली आहे. तिच्यावर गर्दी फार नाही, पण आवाज बराच आहे. फंड हातात पडला की हा गृहस्थ जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतो, सीटा उपटून आत पलंग, ओटा, बेसिन आणि संडास बसवतो आणि एमएच 46 च्या पाटीवर अख्खा महाराष्ट्र पालथा घालायला सिद्ध होतो. राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्या बातमीचं कात्रण त्याने लॅमिनेट करून घेतलेलं असतं.

वेड बहुधा न्यू जर्सीहून आलेलं असतं. मुलाने आईवडिलांना आठ दिवस भाड्याच्या मोटरहोममधून फिरवलेलं असतं. त्या आठ दिवसांत टाक्या भरणं आणि उपसणं ही कामं मुलाने केली आणि याने सूर्यास्ताचे व्हिडिओ काढले. त्यामुळे कॅराव्हॅन म्हणजे सूर्यास्त, असा त्याचा समज पक्का झाला.

खरं तर टाक्यांशी त्याचा संबंध कधी आलाच नव्हता. फ्लॅटमध्ये नळ सोडला की पाणी यायचं, फ्लश दाबला की जायचं. अलीकडे पाताळगंगा नदी, भोकरपाड्याचं जलशुद्धीकरण केंद्र, जीवन प्राधिकरणाच्या जलवाहिन्या, सिडकोचा पाणी सोडणारा आणि मोटर लावणारा वॉचमन, पलीकडे चेंबर, मलवाहिन्या आणि सांडपाण्याचा प्रकल्प, एवढा पसारा आपल्या अंघोळीसाठी राबतो याची त्याला गंधवार्ता नव्हती. उन्हाळ्यात टँकर आला की तो बाल्कनीतून फक्त विचारायचा, "आलं का?" गाडी घेतली त्या दिवशी ही सगळी खाती एकदम त्याच्याकडे आली.

गाडीत टाक्या तीन. एक चांगल्या पाण्याची. दुसरी बेसिन आणि मोरीच्या पाण्याची, तिला जाणकार ग्रे म्हणतात. तिसरी संडासाची, ती ब्लॅक. पहिल्या टाकीपासूनच त्याचा उत्साह उतू जातो. दीडशे लिटरची टाकी तो घरूनच काठोकाठ भरतो, कारण "कोकणात पाणी कसं असेल सांगता येत नाही." दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, म्हणजे दोन धष्टपुष्ट मेहुणे फुकट बरोबर घेतल्यासारखं, हे त्याला कर्नाळ्याचा चढ लागल्यावर कळतं. पाणी भरतो तो कुंडीतल्या झाडांच्या हिरव्या पाइपने. पहिल्या चहाला रबराची चव येते. दूध नासलं असावं म्हणून चहा पुन्हा टाकला जातो, पुन्हा रबर येतं. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, टाकी धुण्याचा वेगळा, आणि दोघांची भेटसुद्धा होऊ द्यायची नाही, हा नियम पुढे त्याची बायको घालून देते. देवघरातलं सोवळंओवळं तिने कधीच सोडून दिलं होतं. गाडीतलं मात्र ती कडक पाळते.

मुलाने अमेरिकेहून एक पितळी नगही पाठवलेला असतो: प्रेशर रेग्युलेटर. तिकडच्या कॅम्पग्राउंडवर नळाला इतका जोर असतो की गाडीतल्या नळ्यांचे सांधे सुटू शकतात, म्हणून तो दाब कमी करायला हे यंत्र मधे बसवतात. नवीन पनवेलात, जिथे मे महिन्यात तळमजल्यालाही नळाखाली बादली ठेवून जप करावा लागतो, तिथे हा माणूस पाण्याचा दाब कमी करायचं यंत्र नळाला लावून उभा राहतो! वॉचमन अदबीने विचारतो, "साहेब, वाढवायचं नाही का मिळत?"

ग्रे टाकीला सगळे कमी लेखतात. आत काय, साबणाचंच पाणी! पण तिच्यात पोह्यांतला कढीपत्ता, चहाचा चोथा, भाताची शितं आणि तेलाचा तवंगही जातो, आणि दोन दिवस उन्हात उभ्या गाडीत हा ऐवज संडासाच्या टाकीला मान खाली घालायला लावतो. शिवाय हिशेब चुकतो तो अंघोळीचा. टाकी साठ लिटरची आणि आपली अंघोळ बादलीची. नागावच्या किनाऱ्यावर पहिल्याच सकाळी याची झाली, बायकोची झाली, मेहुण्याची चालू असताना मोरीच्या जाळीतून आधीच्या दोघांची अंघोळ परत वर आली. मोरीचं तोंड गाडीत सगळ्यात खाली, टाकी तुंबली की पाणी तिथूनच डोकं काढतं. मेहुणा साबण लावलेल्या अवस्थेत जे बोलला ते नात्यात कायमचं नोंदलं गेलं आहे.

खरी परीक्षा ब्लॅक टाकीची. नेऱ्याच्या बाजूला साडूचं फार्महाऊस आहे. गाडी तिथे लावून त्याने पाइप थेट सेप्टिक टँकला जोडला आणि व्हॉल्व्ह उघडाच ठेवला. "घरी कुठे आपण कॉक बंद करून ठेवतो?" तर्क बिनतोड होता, आणि तिथेच घात झाला. व्हॉल्व्ह उघडा राहिला की पातळ ते निघून जातं, घट्ट ते मागे राहतं, वाळतं, आणि रोजची भर पडून आत वारूळ उभं राहतं. टाकी बंद ठेवून बरीचशी भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं जातं. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. आठव्या दिवशी पॅनलवरचा लाल दिवा 'टाकी भरली' म्हणू लागला, तेव्हा त्याने सेन्सरला दोष दिला. सेन्सर खोटं बोलतात हे खरं, त्यांच्यावर कागद चिकटून बसला की रिकामी टाकीही भरलेली दाखवतात. या वेळी मात्र दिवा प्रामाणिक होता.

"कुणी तरी माणूस मिळेल की," तो प्लंबरला म्हणाला. या एका वाक्यावर त्याचं आजवरचं सगळं आयुष्य निभावलं होतं. प्लंबरने पान्हा खिशात घातला. "माणूस नाही मिळत, काका. हाताने मैला काढून घ्यायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तुम्हीच पाणी भरा, भिजू द्या, आणि गाडी हलवा."

हलवायला मुंबई-गोवा महामार्ग होताच. अमेरिकेत लोक टाकीत बर्फ टाकून गाडी फिरवतात, खडे आतून घासून काढतील या आशेने. आपल्याकडे बर्फाचा खर्च नाही. पनवेल ते इंदापूर रुंदीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं, आणि ते रेंगाळलं त्या वर्षांतल्या खड्ड्यांनी कुठलंही वारूळ पेणच्या आत विरघळवलं असतं. पळस्पे फाट्यावरून निघालेला आमचा गृहस्थ वडखळला पोचला तेव्हा टाकी मोकळी झाली होती आणि तीन सांधे ठिबकत होते.

वासासाठी त्याने दोन लिटर फिनेल ओतलं. वरच्या मजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका हळहळले. रेल्वेच्या डब्यांतल्या बायोटॉयलेटवर त्यांनी काम केलेलं. "अहो, आमच्या टाकीत डीआरडीओने तयार केलेले जिवाणू असतात. मैला तेच खातात. तुम्ही सफाई करणारेच मारलेत की!" वासाचं मूळ भलतीकडेच होतं. खिडक्या बंद करून तो छतावरचा पंखा लावायचा आणि मग फ्लशचं झाकण उघडायचा. पंख्याला हवा कुठून तरी हवीच असते, ती टाकीतून यायची.

टाकी कुठे रिकामी करायची हा प्रश्न अजून सुटलेला नाही. परदेशात त्यासाठी रस्त्याकडेला ठरलेल्या जागा असतात. इथे पावसाळी गटारात सोडलं तर ते थेट गाढी नदीत, म्हणजे पनवेलच्या खाडीत. तेवढी लाज त्याला आहे. म्हणून त्याने सोसायटीच्या चेंबरचं झाकण उचलायची परवानगी मागितली. सर्वसाधारण सभेत हा विषय लिफ्टच्या आधी आला आणि दीड तास चालला. ही व्हॅन सभासद आहे का, असं सेक्रेटरींनी विचारलं. महिनाभर गाडीत राहणार असाल तर फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावायचा का, असं खजिनदारांनी. अखेर रविवारी सकाळी सहाच्या आत, स्वतः, हातमोजे घालून आणि नंतर चार बादल्या पाणी ओतून, असा ठराव झाला. अनुमोदन मेहुण्याने दिलं. तो त्याच सोसायटीत राहतो.

आता गाडीच्या दारावर आतून एक यादी चिकटवली आहे. ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंद, पंप बंद, मोरीवर झाकण, पांढरा पाइप पिण्याचा, निळा धुण्याचा. शेवटची ओळ बायकोच्या अक्षरात आहे: "निघण्यापूर्वी सगळ्यांनी घरी जाऊन यावे."