चारचौघांपेक्षा वेगळी

लेकीला लॉ स्कूलला जायचंय. त्यासाठी अमेरिकेत बहुतेक जण आधी एलसॅट देतात. 180 पैकी गुण, आणि अगदी तळाला गेलात तरी 120! इतकी दिलदार परीक्षा आमच्या बोर्डाने कधी घेतली नाही.

ती पार पडली आणि आमच्या एडिसन गावातल्या घरात 'डायव्हर्सिटी स्टेटमेंट' शिरलं. जेमतेम एक पान, तेही ऐच्छिक. म्हणजे पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापतात, तितपत ऐच्छिक. विषय : तुम्ही इतरांहून वेगळे कसे? ज्या घरात 'चारचौघांसारखं वाग' यापलीकडे संस्कार झाले नाहीत, त्या घराला हा प्रश्न!

जून 2023मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या खटल्यात वंश बघून प्रवेश देणं बंद पाडलं. पण त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक फट ठेवली : वंशापायी आयुष्यात काय भोगलं, काय मिळवलं, हे अर्जदाराने लिहिलं तर विचारात घेता येईल. मग बऱ्याच लॉ स्कूलांनी या निबंधाचं पुन्हा बारसं केलं. कुठे 'पर्स्पेक्टिव्ह', कुठे 'एक्सपिरियन्स'. पूर्वी चौकटीत एक खूण केली की भागायचं; आता तेच पानभर लिहा.

पण भोगलेलं आणायचं कुठून? बायकोने लेकीचा शाळेतला डबा काढला : लसणाची चटणी, पोरांनी दाबलेली नाकं.

"आई, डबा सगळेच देसी लिहितात."

मी माझी सांगलीची एक खोली आणि दिवसाआड येणारं पाणी देऊ केलं.

"ती गरिबी तुझी आहे, बाबा."

वडिलोपार्जित म्हणून तेवढंच होतं, तेही नाकारलं. आजीने व्हिडिओ कॉलवरून सुचवलं, "लिही, आम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात."

शेवटी तिने लिहिलं ते वेगळंच. बारा वर्षांची ती आवाज जाड करून विमा कंपनीला फोनवर सांगतेय, "धिस इज मिसेस जोशी," आणि शेजारी उभी आई बोटांनी जन्मतारीख दाखवतेय. खाली वाक्य : आईवडील हे माझे पहिले अशील.

बायकोचे डोळे भरून आले. माझं लक्ष मात्र अर्जाच्या पुढच्या पानावर गेलं. तिथे 'कॅरॅक्टर अँड फिटनेस'खाली पूर्वीचे गुन्हे विचारतात, आणि इकडे ही बया तोतयेगिरीचा कबुलीजबाब लिहून देतेय!

मी हरकत घेतली. तिने शांतपणे विचारलं, "मग सहआरोपी म्हणून आईचं नाव घालू, की तू घरीच होतास हेही लिहू?"