पक्का पासवर्ड

पासवर्ड मी विसरलो, असं घरात म्हटलं जातं. मी तसं म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की, तो कोणालाही ओळखता येऊ नये इतका पक्का मी केला होता, आणि ‘कोणालाही’मध्ये मीही आलोच. खुद्द मालकालाही सवलत नसणं हे चोख कारभाराचं लक्षण आहे, हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं निवडणं थांबवलं नाही.

निमित्त नव्या फोनचं. जुना फोन दुकानदाराच्या हवाली केला, त्याच्या पोटातला वायफायचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. नवा फोन घरच्या वायफायचं नाव ओळखीनं दाखवायचा, पासवर्ड मागायचा आणि मी दिलेला प्रत्येक पासवर्ड चुकीचा आहे असं अदबीनं कळवायचा. इतक्या अदबीनं मला आजवर फक्त तालुक्याच्या ठिकाणचे हेडक्लार्क नाही म्हणाले आहेत.

सरळ उपाय होता. बायकोचा फोन मागायचा, त्यात पासवर्ड होताच. पण फोन मागायचा म्हणजे कशाला हवाय ते सांगणं आलं. तेवढं सोडून मी बाकी सगळे उपाय केले.

यामागं माझं गल्लीतलं स्थान आहे. मी निवृत्त शिक्षक. ‘सर, नेट लागंना’ म्हणून लोक रात्री-अपरात्री दार वाजवतात. मी जातो, राउटर बंद करतो, थोडा वेळ गंभीर चेहऱ्यानं उभा राहतो आणि पुन्हा चालू करतो. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं, पण तो गंभीर चेहरा प्रत्येकाला जमत नाही. अशा भेटीत मी पासवर्डवर थोडं प्रवचनही करायचो. किमान आठ अक्षरं लागतात, जास्तीत जास्त त्रेसष्ट चालतात. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह पाहिजेच. आमच्या गल्लीतली निम्मी वायफाय तुळजाभवानीच्या भरवशावर चालतात आणि उरलेली एक ते आठ आकड्यांवर. मी म्हणायचो, बाबांनो, देवी सगळ्यांचं रक्षण करते हे खरं, पण शेजाऱ्याचीही कुलदेवता तीच आहे.

या प्रवचनाचा मूळ ग्रंथ अमेरिकेतला. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेत बिल बर नावाचे गृहस्थ होते. त्यांनी 2003 साली पासवर्ड कसा असावा याची मार्गदर्शिका लिहिली आणि जगभरच्या बँकांनी, कचेऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. मोठं अक्षर घाला, चिन्ह घाला, ठरावीक दिवसांनी बदला, हा सगळा जाच तिथून सुरू झाला. पुढे 2017 साली, निवृत्तीनंतर, याच बरसाहेबांनी वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की आपण जे लिहिलं त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. लोक एकाचा दोन करतात, दोनाचा तीन करतात आणि पासवर्ड बदलला म्हणतात. त्याच वर्षी संस्थेनं नियम बदलले: चिन्हांचा सोस नको, लांबी पाहा, विनाकारण बदलायला लावू नका. ही बातमी मी वाचली होती. पण प्रवचन पाठ झालेलं असलं की मूळ ग्रंथकाराचं मत बदललं म्हणून ते थोडंच बदलतं!

तर माझा पासवर्ड. त्यात गावाचं नाव आहे, एवढं मला पक्कं आठवत होतं. गावाचं नाव कोण विसरतो? आणि इथंच घोळ झाला, कारण माझं गाव धाराशिव.

बाहेरगावच्या वाचकांना यातली अडचण लगेच कळायची नाही. पुण्याच्या माणसानं पासवर्डात पुणे घातलं तर ते पुणेच असतं. मला आधी हे ठरवायचं होतं की पासवर्ड ठेवला तेव्हा गाव उस्मानाबाद होतं की धाराशिव. नामांतरानंतर उत्साहाच्या भरात मी तो बदलला, हेही अंधूक आठवत होतं. पण कोणत्या नामांतरानंतर? 29 जून 2022 ला ठाकरे सरकारनं आपल्या शेवटच्या बैठकीत ठराव केला. जुलैत शिंदे सरकारनं तोच ठराव पुन्हा केला. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्रानं शहराच्या नावाला संमती दिली. सप्टेंबर 2023 मध्ये जिल्ह्याचंही नाव बदलल्याची अधिसूचना निघाली. प्रकरण कोर्टात होतंच; मे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या. यातल्या नेमक्या कोणत्या पेढ्याच्या वेळी मी राउटरपुढे बसलो होतो? आणि पासवर्डाच्या शेवटी साल असेल तर ते कोणतं?

त्यात इंग्रजी स्पेलिंग. धाराशिवच्या शेवटी नुसता व्ही की व्हीपुढे ए? ‘श’ला एस-एच की एकटा एस? मी जन्मभर मराठी शिकवलं. ‘धाराशिव’ शुद्ध कसं लिहायचं हे मला झोपेतून उठवून विचारा. पण रोमन लिपीत माझं गाव माझ्याच हातून रोज वेगळं उतरतं.

आता एक गंमत पाहा. वायफायची खरी किल्ली नुसत्या पासवर्डाची नसते. आपण जे नाव नेटवर्कला देतो ते आणि पासवर्ड, दोन्ही एकत्र करून यंत्र त्यांचं 4096 वेळा गणित घालतं आणि त्यातून किल्ली निघते. म्हणजे पासवर्ड तोच ठेवून नुसतं नेटवर्कचं नाव बदललं तरी किल्ली बदलते आणि सगळे फोन आपल्याला अनोळखी होतात. गावाचं बरं आहे. नाव बदललं, पण पिनकोड 413501 तोच, गाड्यांवर एमएच 25 तेच, आणि 2024 ची लोकसभा आम्ही ‘उस्मानाबाद’ मतदारसंघातूनच लढवली. गल्लीतले शेजारीही एकमेकांना अनोळखी झाले नाहीत. बसस्टँडवर कोणी काही म्हणो, गाडी लागायची तिथंच लागते.

पुण्याहून मुलगा फोनवर मार्ग दाखवत होता. राउटरच्या पाठीमागं चिकटवलेल्या कागदावर पासवर्ड असतो म्हणाला. असतो, पण तो कंपनीनं दिलेला, आणि तो तर मी मोठ्या अक्षरात नि चिन्हात बदलला होता. शिवाय कागदावर बसलेल्या पालीच्या खुणांमुळे आठ आणि बी यांत फरक उरला नव्हता. मग म्हणाला, ‘बाबा, 192.168.1.1 उघडा.’ ते पान उघडायला आधी त्याच वायफायवर असावं लागतं. वायर लावून गेलोच तर ते पान स्वतःचा वेगळा पासवर्ड मागतं. ‘मग मागं बारीक भोक आहे, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबा, सगळं पुसलं जाईल.’ हे मात्र मी ऐकलं नाही. त्यात पासवर्डबरोबर नेटवाल्यानं भरून दिलेलं नाव नि त्याचा पासवर्डही पुसला जातो, मग तो पोरगा येईपर्यंत घरात नेट नाही. आणि तो पोरगा माझा विद्यार्थी. त्यानं येऊन ‘सर, रिसेट कुणी केलं?’ असं विचारलेलं मला चाललं नसतं.

इथं मला तेरबद्दल बोललं पाहिजे. घरच्यांच्या मते मी कोणत्याही विषयात तेर आणतो. पण माझं आजोळ तेरचं, त्याला इलाज नाही. जगातल्या बहुतेक गोष्टी आधी तेरला झालेल्या आहेत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत तेरचा उल्लेख तगर म्हणून आहे. इथला माल गाड्यांनी भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून समुद्रापार. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक बाहुली आहे. तिच्यापुढे उभं राहिलं की आपण कालपरवाचे वाटतो. असो. मुद्दा गोरोबाकाकांचा.

खरा माणूस कोणता आणि खोटा कोणता हे ओळखण्याची पहिली नोंदलेली चाचणी तेरला झाली, असं माझं मत आहे. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, नामदेव अशी सगळी मंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईला कोपऱ्यात थापटणं दिसलं. हे काय म्हणून तिनं विचारलं. काका म्हणाले, यानं मडकी थोपटून कच्चं-पक्कं पाहतो. मुक्ताबाई लहान असली तरी सरळ मुलगी नव्हे. ती म्हणाली, मग आमचीही पारख करा की. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे मुकाट बसले. नामदेव मात्र रागावले, पाहुण्यांना बोलावून कोणी असं मारतं का म्हणाले. काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं.

या कथेवर कीर्तनकार तासभर बोलतात, गुरूशिवाय ज्ञान नाही, अहंकार गेला पाहिजे, नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले वगैरे. माझं लक्ष मात्र लहानपणापासून दुसरीकडे जातं. काकांनी कोणाला काही विचारलं नाही. आईचं माहेरचं नाव, पहिल्या शाळेचं नाव, जन्मतारीख, काही नाही. हातानं थोपटलं, कान दिला, कळलं. आणि ज्याला कच्चं ठरवलं त्याला घराबाहेरही काढलं नाही. आज नामदेव आले असते तर तीन चुकांनंतर चोवीस तास बंद झाले असते. मला नेहमी वाटतं, त्या ओळीत मी असतो तर? मी नक्की म्हणालो असतो, ‘काका, मी तेरचाच.’ आणि काकांनी दोन थापट्या जास्त दिल्या असत्या.

तेरला गोरोबाकाकांचं मंदिर तेरणाकाठी आहे. या वाटेनं कधी आलात तर थांबा. संग्रहालय सोमवारी बंद नाही ना, ते विचारून या. पुन्हा असो.

हे सगळं माझ्या डोक्यात चालू असताना आई दिवाणावर बसून माझी झटापट बघत होती. ऐंशी ओलांडलेली. तिनं शेवटी विचारलंच, ‘काय करायलास रं मघापासनं?’

‘पासवर्ड बघायलोय.’

‘आपल्या घरचाच न्हवं? मग माज्या फोनात बग की. माजा तर चालू हाय.’

तिच्या फोनवर हरिपाठ चालू होता. खरंच, वायफायवर.

साठवलेला पासवर्ड फोनमधून काढता येतो. 2019 च्या अँड्रॉइडपासून वायफायच्या नावावर जाऊन ‘शेअर’ दाबलं की चौकोनी ठिपक्यांचं चित्र येतं आणि बऱ्याच फोनवर त्याखाली पासवर्ड लिहूनच येतो. फक्त त्याआधी फोन स्वतःचं कुलूप उघडायला सांगतो: बोट लावा, नाही तर आकडे टाका. आईच्या फोननं काही सांगितलं नाही. आईच्या फोनला कुलूपच नाही. का नाही, ते मला माहीत होतं. फोन आणला तेव्हा मी हौसेनं तिचा अंगठा नोंदवायला बसलो होतो. फोन म्हणे, बोट पुन्हा ठेवा. पुसून ठेवा. दुसरं बोट ठेवा. शेवटी मी नाद सोडला.

तिच्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत. जन्म खुरपण्यात, कडब्यात आणि ज्वारीच्या भाकरी थापण्यात गेला. फोनचं ठीक आहे, फोनला कुलूप नसलं तरी चालतं. वडिलांच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं. एका वर्षी काउंटरवरच्या मशीननं तिचा अंगठा घेतलाच नाही. तिथला मुलगा वाईट नव्हता. तो एवढंच म्हणाला, ‘आजी, मॅच होईना.’ आई त्याच्यासमोर उभी, श्वास घेणारी, रिक्षातून उतरून पायऱ्या चढून आलेली, आणि ती आहे की नाही यावर मशीनचं मत पडत नव्हतं. तिनं अंगठा पदराला पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा पुसला. तिलाच शरमल्यासारखं झालं होतं.

रेशनच्या रांगेतही हे रोज दिसतं. ऊसतोडीहून परतलेल्या बाया, बांधकामावरचे गडी, अंगठा पुसतायत आणि मशीनच्या तोंडाकडे बघतायत. टेंभलीला, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, 29 सप्टेंबर 2010 ला आधारची सुरुवात झाली. मी वर्गात मुलांना कौतुकानं सांगितलं होतं की आता प्रत्येक गरिबाला ओळख मिळणार. ज्यांनी हातांनी सर्वांत जास्त काम केलं त्यांचेच हात यंत्राला ओळखू येत नाहीत, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं. माझी आई घरातच होती. दाखल्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय 2021 पासून झाली, हे खरं, आणि ती चांगली आहे. तिथं कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावायला सांगतात. गेल्या खेपेला आई म्हणाली, ‘ह्या वयात परक्यापुढं डोळे मिचकावू व्हय?’ मी म्हणालो, कॅमेरा आहे. ती म्हणाली, ‘मग तर न्हाईच.’ शेवटी तिला डोळ्यात कचरा गेल्याचं सांगावं लागलं.

तर आईच्या बिनकुलपाच्या फोनमधून माझा अभेद्य पासवर्ड निघाला. पाहिला आणि माझं मलाच कौतुक वाटलं. त्यात धाराशिव नव्हतं. नुसतं उस्मानाबादही नव्हतं. मोठ्या ओसह ‘उस्मानाबादी’, मग शेळीचं इंग्रजी नाव, मग चिन्ह, मग 25. म्हणजे मी तेव्हा लांबचा विचार केला होता: सरकारं येतील, ठराव होतील, कोर्टात जातील, पण उस्मानाबादी शेळीचं नाव जगभरच्या पशुवैद्यकीय पुस्तकांत छापलेलं आहे, त्याला कोणी हात लावणार नाही. इतकी दूरदृष्टी! मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘मला माहीत आहे. पासवर्ड ठेवला त्या दिवशी तुम्ही हेच भाषण केलं होतं.’ वरच्या मजल्यावरच्या स्पर्धा परीक्षेवाल्या पोरीलाही तो माहीत होता, तिच्या मैत्रिणींनाही. गल्लीत तो ठाऊक नसलेला मी एकटा होतो.

आता इथं छापून आल्यावर तो बदलणं भाग आहे. नवा ठेवलाय. लांब आहे, चिन्ह एकही नाही, बरसाहेबांना आवडेल असा. तो कॅलेंडरच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशोबाखाली पेन्सिलीनं लिहिलाय. डिसेंबरअखेर आमच्याकडे जुनं कॅलेंडर रद्दीत जातं. ओळखीच्या वाचकांपैकी कोणीतरी 30 तारखेच्या सुमाराला मला एक फोन करावा. घरच्या नंबरावर नको, बायको उचलते.